निवली म्हणजे किती?

विशालाक्षी : कोठवर उतरला तुझा पारा?

चंद्रमौली : एकशे सत्तेचाळीस फॅरनहाइट. तीनच्या ठोक्याला ओतली तेव्हा एकशे सत्तर होती. दहा मिनिटांत तेवीस डिग्री गेली, अक्का.

विशालाक्षी : पिणारा कोणी नाही नि दोन दोन टंब्लर कापी भरून मांडली आहे. कोणी पाहिले तर म्हणेल, म्हातारीला वेड लागले, नि कॉलेजातल्या चंद्रमौलीला तिच्याही आधी.

चंद्रमौली : म्हणू द्या. एक टंब्लर उघडा आहे, एकावर दबऱ्याची वाटी पालथी घातली आहे. त्या दिवशी कापी उघडी होती की झाकलेली, ते तुम्ही नीट सांगत नाही, म्हणून दोन्ही मांडावे लागले.

विशालाक्षी : सांगत्ये रे. सगळे एकदम कसे सांगू? आणि ते काचेचे कांडे सांभाळ. लॅबोरेटरीतून गुपचूप आणले असशील.

चंद्रमौली : विचारून आणले. कॉलेजला रजा आहे, थर्मामीटर तिथे नुसता पेटीत पडून होता. अक्का, पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगा. मी वहीत उतरून घेतो.

विशालाक्षी : किती वेळा? जानकीराम शास्त्र्यांना सांगितले, डॉक्टरला सांगितले, पापनाशमहून भाऊबंदांतला शामसुंदर अग्नी द्यायला आला त्याला सांगितले. तीन वाजता मी कापी केली. अप्पाच्या खोलीच्या उंबऱ्यावर टंब्लर ठेविला. अप्पा आत झोपाळ्यावर बसून पेपर वाचीत होता, पाय तेवढे दिसले. मी पुराण ऐकायला कुंभेश्वराच्या देवळात गेले. पाचला परत आले. सहाला दिवा लावायला त्याच्या खोलीत गेले, तर तो गेलेला होता.

चंद्रमौली : आणि त्या दिवशी अष्टमी चार वाजून बारा मिनिटांपर्यंत.

विशालाक्षी : पुढे नवमी. चार दिवसांवर पहिले मासिक श्राद्ध आले. शास्त्री म्हणतात, विशालाक्षीबाई, तिथी एक सांगा. चुकल्या तिथीला पिंड दिला तर माझा भाऊ अप्पा जन्मभर उपाशी. जन्मभर म्हणत्ये मी! त्याचा जन्म तर संपला.

चंद्रमौली : डॉक्टर काय म्हणाले होते?

विशालाक्षी : तीन आणि सहाच्या मधे केव्हातरी. एवढे तर गोठ्यातली गायही सांगेल.

चंद्रमौली : त्यांचा दोष नाही. थंड मुलुखात माणूस गेला की अंग तासातासाला गार पडत जाते, हात लावून वेळ ओळखता येते. इथे उन्हाळ्यात घरातली हवाच नव्वद डिग्री, आणि देह अठ्ठ्याण्णव. दोहोंत फरकच नाही. फरक असेल तर उष्णता बाहेर जाईल ना? जेवढा फरक मोठा तेवढी ती घाईने जाते, फरक कमी झाला की रेंगाळते. तीन वीस झाले. बघा, एकशे एकतीस. आधीच्या दहा मिनिटांत तेवीस गेल्या होत्या, आता सोळाच.

विशालाक्षी : सहाला मी त्याचा हात धरिला तेव्हा ऊन होता. वाटले, झोपला आहे. मग हाक मारिली. सात महिन्यांत पहिली हाक.

चंद्रमौली : तुम्ही दोघे बोलत नव्हता, हे रस्त्यात सगळ्यांना ठाऊक होते.

विशालाक्षी : का, ते ठाऊक नव्हते. आम्ही कोणाला सांगितले नाही. तेवढे एक दोघांनी मिळून केले.

चंद्रमौली : कापी मात्र तुम्ही रोज ठेवत होता.

विशालाक्षी : मग काय उपाशी मारू? कापी उंबऱ्यावर, जेवण पाटावर. तो जेवून उठला की मी ताट उचलीत असे. मीठ कमी पडले तर तो मिठाची वाटी वाजवी. तेवढाच आवाज घरात.

चंद्रमौली : आता माझ्या कामाचे विचारतो. अप्पा कापी ठेवल्या ठेवल्या पीत, की थांबून?

विशालाक्षी : थांबून. जीभ हळवी त्याची. पंधरावीस मिनिटे नुसता टंब्लराकडे पाहत बसे.

चंद्रमौली : आणि तुम्ही पाचला आलात तेव्हा टंब्लर?

विशालाक्षी : गळ्यापर्यंत भरलेला. एक घोट कमी नाही.

चंद्रमौली : कापी कशी होती? हात लावला होता?

विशालाक्षी : उचलताना बोट बुडाले. निवली होती.

चंद्रमौली : निवणारच. दोन तास झालेले. मी लिहितो... 'पाच वाजता कापी निवलेली, टंब्लर भरलेला.' अक्का, तुम्हाला आवडो न आवडो, हिशेब एकाच बाजूला जातो. तीन वीसच्या सुमारास ही कापी त्यांच्या पिण्याजोगी झाली असती. त्यांनी घेतली नाही. म्हणजे त्याच्या आधीच काय ते झाले. शास्त्र्यांना अष्टमी सांगावी लागेल.

विशालाक्षी : म्हणजे मी रस्त्याच्या वळणावरही पोचले नसेन.

चंद्रमौली : तसेच दिसते.

विशालाक्षी : आणि पाचला त्याच्या दारावरून गेले तेव्हा तो आत नव्हताच.

चंद्रमौली : नव्हते. तेवढे तरी मनाला लावून घेऊ नका.

विशालाक्षी : तिथी शास्त्र्यांना हवी आहे रे, मला ती नको होती. मला हेच हवे होते. दार लोटलेले होते. मी क्षणभर थांबले होते. आज हाक मारावी असे वाटले, आणि मग माझी मीच चिडले. रात्र रात्र तेच डोक्यात. तेव्हा तो आत श्वास घेत होता का? मी हाक मारिली असती तर? आता तू म्हणतोस नव्हता. बरे झाले. बरे झाले म्हणायचे, पण बरे काही वाटत नाही.

चंद्रमौली : पाच वाजेपर्यंत पाहू या. हिशेब अर्धवट सोडवत नाही मला.

विशालाक्षी : बस. तुला घरी घाई नाही ना?

चंद्रमौली : नागलक्ष्मी माहेरी चोळपुरमला गेली आहे.

विशालाक्षी : ती असली तरी तू तमिळच बोलतोस घरी. पोरांना दोन शब्द शिकविले नाहीस.

चंद्रमौली : कोणाशी बोलणार होती पोरे? मीच मराठी बोलतो ती ह्या घरात आल्यावर. तीही तुम्ही तीनदा सुधारता.

विशालाक्षी : परवा मी दूध घालणारीशी मराठी बोलून गेले. अर्धे बोलल्यावर ध्यानात आले. ती हसली नाही, बिचारी घाबरली. चंद्रमौली, पहिल्या दिवशी ह्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तिरुनागेश्वरमहूनसुद्धा माणसे आली. दहाव्याला निम्मी. तेराव्यानंतर शेजारची गोमती एकदा डोकावली, तीही सुपली परत न्यायला. आता तू येतोस. तूही ह्या कांड्यासाठी आलास.

चंद्रमौली : कांड्यासाठी नाही आलो, अक्का.

विशालाक्षी : मग तुझ्या त्या नियमाप्रमाणेच चालले आहे म्हणायचे. आधी भराभर जातात, मग एकेक रेंगाळत.

चंद्रमौली : चार वाजले. एकशे एक. झाकलेली एकशे चौदा.

विशालाक्षी : तासात एवढी उतरली?

चंद्रमौली : उतरायची तेवढी उतरली. आता पुढचा तासभर नावाला उतरेल. आता तरी सांगा, अबोला कशावरून धरला होता?

विशालाक्षी : (शेगडीवर पाणी ठेवून, हातची कामे उरकून परत येऊन बसते तेव्हा पाऊण तास गेला आहे.) ऐकून हसशील.

चंद्रमौली : नाही हसणार.

विशालाक्षी : तोही म्हणाला असता, नाही हसणार... पुण्याचे एक गृहस्थ आले होते, जुने कागद पाहायला. अप्पाचा जन्म कोर्टात मोडी वाचून देण्यात गेला. पुढे कोर्टाला मोडी नको झाली, पेन्शन दिली नि घरी बसविले. तेव्हापासून तो वाट पाहत होता, कोणी येईल, विचारील. हे गृहस्थ आले तर कसा हरखला! नवे उपरणे काढले. मी कापी केली. फार कढत होती, परगावच्या माणसाची जीभ भाजेल, म्हणून चांगली चारदा टंब्लरातून दबऱ्यात, दबऱ्यातून टंब्लरात ओतिली. नेऊन समोर ठेविली नि म्हटले, घ्या, निवली.

चंद्रमौली : बरे.

विशालाक्षी : गृहस्थ म्हणतात, 'निवली? मग गरम करून आणा की, बाई!' आणि हसले. बरे, परका माणूस, त्याचे काय घेऊन बसायचे. पण अप्पा हसला रे! म्हणाला, 'आमची भाषा अशीच, दोनशे वर्षांची शिळी.' माझ्या आईने मला ज्या भाषेत न्हाऊ घातले ती शिळी! आणि तू रे अप्पा, कोणत्या ताज्या भाषेत वाढलास? मी आत गेले, ती सात महिने बाहेर आले नाही. म्हटले, शिळी ना? मग ती तुझ्या कानावर पडायलाच नको.

चंद्रमौली : थांबा, अक्का.

विशालाक्षी : का? हसू येते?

चंद्रमौली : नाही. त्या गृहस्थांना तुम्ही 'निवली' म्हणालात ती कापी गार होती?

विशालाक्षी : गार कशी असेल? आत्ता तर सांगितले. पिण्याजोगी होती.

चंद्रमौली : म्हणजे तुमच्या घरात निवली म्हणजे...

विशालाक्षी : निवली म्हणजे निवली. जीभ भाजणार नाही, घशाला बरे वाटेल अशी. पुण्यात काय म्हणतात ते पुण्यात.

चंद्रमौली : अय्यो. मी तमिळमधले 'आरिन कापी' धरून बसलो. गार होऊन गेलेली, टाकायची. अक्का, पाच वाजायला आले आहेत. ह्या टंब्लरात बोट घाला. झाकलेल्यात.

विशालाक्षी : घातले.

चंद्रमौली : त्या दिवशी पाचला उचललात तेव्हा अशी होती?

विशालाक्षी : छे! ही काय निवली म्हणायची? ही तर आडातले पाणी.

चंद्रमौली : सत्त्याण्णव आहे. उघडी तर हवेइतकीच झाली. मग ती कशी होती? नाही, शब्दांनी नको. शेगडीवर पाणी तापते आहे ना? ह्या तांब्यात घेतो, गार पाणी मिसळत जातो. तुम्ही बोट बुडवून सांगा. हे?

विशालाक्षी : कढत. बोट भाजविशील.

चंद्रमौली : हे?

विशालाक्षी : अजून ऊन आहे. आणखी घाल थोडे.

चंद्रमौली : आणि हे?

विशालाक्षी : हे. हेच. बोट ठेववते, पण विसरता येत नाही. असेच होते.

(विशालाक्षी बोट पाण्यातून काढत नाही. चंद्रमौली थर्मामीटर दोनदा उजेडाकडे धरून वाचतो, कारण पहिल्यांदा वाचलेले त्याला खरे वाटत नाही.)

चंद्रमौली : एकशे पस्तीस.

विशालाक्षी : म्हणजे?

चंद्रमौली : तीन वाजता केलेली कापी पाच वाजता एकशे पस्तीस राहूच शकत नाही. उघडी नाही, झाकलेली नाही. ही बघा, दोन्ही समोर आहेत. अक्का, ती कापी मधे कोणीतरी पुन्हा तापवली.

विशालाक्षी : घरात होते कोण तापवायला?

चंद्रमौली : तेच विचारतो.

विशालाक्षी : अप्पाला शेगडी कोणत्या बाजूने फुंकतात तेही ठाऊक नव्हते.

चंद्रमौली : त्या दिवशी शेगडी कशी होती?

विशालाक्षी : निखारे लाल होते. मी राखेखाली झाकून गेले होते. मला वाटले विसरले असेन, वाऱ्याने फुलले असतील... चंद्रमौली.

चंद्रमौली : टंब्लर कोठे होता, अक्का? त्यांच्याच उंबऱ्यावर?

विशालाक्षी : नाही.

चंद्रमौली : मग?

विशालाक्षी : हे मी कोणाला सांगितले नाही. शरम वाटली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होता. माझ्या उंबऱ्यावर. वर दबरा पालथा घातलेला. मी म्हटले, कापी परत आणून ठेविली. सात महिने पीत आला, आज तीही नको झाली. इतका राग आला! त्याच्या दारापुढे थांबून आले होते ना नुकतीच, हाक मारावी म्हणून. आत येऊन पाहत्ये तर हे. मी दबरा काढून टंब्लर उचलला नि मोरीत पालथा केला. मोठ्याने केला, त्याला ऐकू जावे म्हणून.

चंद्रमौली : तुम्ही पाचला परत येता, हे त्यांना ठाऊक होते.

विशालाक्षी : रोज येत्ये मी पाचला. आल्यावर माझी कापी करून घेत्ये.

चंद्रमौली : मग ती परत केलेली नव्हती. पण खात्रीने कसे सांगू? स्वतःसाठी तापवली असेल, आणि प्यायचे राहून गेले...

विशालाक्षी : स्वतःसाठी नाही.

चंद्रमौली : कशावरून?

विशालाक्षी : मुंग्या.

चंद्रमौली : काय?

विशालाक्षी : त्या रात्री बायका पाणी घ्यायला मोरीत गेल्या, तर मुंग्यांनी मोरी काळी झालेली. कामाक्षी ओरडली, येथे साखर कोणी सांडली? मी ऐकले, मला कोठे भान होते! अप्पाला मधुमेह, चौदा वर्षे त्याने कापीत साखर घेतली नाही. मी ठेविली तेव्हा त्यात कण नव्हता. साखर लागते ती मला, दोन चमचे. डबा वरच्या फळीवर असतो. पाट घेऊन चढला असेल, छाती धडधडत असताना.

चंद्रमौली : अक्का, बसा.

विशालाक्षी : बसून काय करू? सात महिने मी म्हणत होते, आधी तो बोलू दे. तो बोलला रे. मीच ओतून दिले.

चंद्रमौली : तुम्हाला कळण्यासारखे नव्हते.

विशालाक्षी : बोट बुडाले होते माझे. जिभेला लाविले असते तर कळले असते... तू तुझा हिशेब सांग. पुरा सांग, मला सांभाळून नको.

चंद्रमौली : अगदी उकळून ओतली, म्हणजे टंब्लरात दोनशे डिग्री, आणि झाकून ठेवली असे धरले, तरी पाचला एकशे पस्तीस राहायला ती सव्वाचारच्या आधी शेगडीवरून उतरलेली असू शकत नाही. एवढी उकळली नसेल, तर त्याहून पुढे. म्हणजे चार बाराला ते होते. नवमीच. ह्यात मला शंका नाही.

विशालाक्षी : आणि पाचला? मी मोरीत टंब्लर आपटला तेव्हा?

चंद्रमौली : ते कापी सांगत नाही, अक्का.

विशालाक्षी : मघाशी सांगितलेस, नव्हता म्हणून.

चंद्रमौली : मघाशी मी चुकलो. तुमची मराठी मला नीट येत नाही.

विशालाक्षी : म्हणजे असेलही.

चंद्रमौली : असतील. नसतील. मी खोटे बोलून तुम्हाला बरे वाटणार नाही.

विशालाक्षी : नाही वाटणार. बरे केलेस... रडत नाही मी. धूर आहे शेगडीचा.

चंद्रमौली : मी जाताना शास्त्र्यांकडे जातो. शामसुंदरलाही पत्र टाकतो. नवमी म्हणून सांगू ना?

विशालाक्षी : नवमी सांग.

चंद्रमौली : ते वेळही विचारतील. मरण केव्हा आले म्हणून.

विशालाक्षी : म्हणावे, सव्वाचारनंतर तो बहिणीशी बोलला. त्यापुढचे तिला ठाऊक नाही.